चौथा खांदा

मछलीवाल्या कोठीचा जिना ज्याने बांधला, त्याला हत्तीवरून येणारी माणसं ठाऊक होती. चाकांवरून येणारी नव्हती. पातळ विटांच्या उंच पायऱ्या, मधे झिजून खोलगट झालेल्या. वरच्या दालनात मात्र चुन्यात कोरलेल्या मासोळ्यांच्या जोड्या आणि त्यांना वेढणाऱ्या वेली. कांताला त्या जवळून बघायच्या होत्या. चौकातल्या कापड छापणाऱ्या छापेवाल्यांना ती चिकनच्या भरतकामासाठी नक्षी काढून द्यायची, आणि खालून मान मोडेस्तोवर पाहिलं तरी मासोळीचं नुसतं पोट दिसायचं.

पोलिओने तिचे पाय लहानपणीच नेले होते. वडील दयाराम मूळचे नागपूरचे, इथे उत्तरेत सरकारी कारखान्यात फिटर. दर रविवारी ते तिची चाकाची खुर्ची सायकलरिक्षाला मागे बांधून इंदिरा नगरहून कोठीकडे निघायचे.

एक्क्याऐंशी साल अपंगांचं म्हणून जाहीर झालं आणि सरकारला कांता एकदम दिसायला लागली. तिने जिन्यालगत उतार मागितला होता. "इमारत की शोभा बिगड़ेगी," कोठी सांभाळणाऱ्या खात्याचे साहेब म्हणाले, आणि दोन बांबू लावलेली एक लाकडी खुर्ची आली. फोटो काढायच्या दिवशी ती उचलायला चार माणसं होती. पुढच्या रविवारी तीन.

"चौथा कहाँ है?" कांताने विचारलं.

"मंज़ूर ही नहीं हुआ, बहनजी," म्होरक्या बदलू म्हणाला. "बैठिए. उठ जाती है."

"मेल्यावर चार खांदे फुकट मिळतात, बाबा. जिवंतपणी तीनच."

"वाकडं बोलू नको. घट्ट धर."

कुणाच्या मानेवर बसून मिरवणं तिला पटत नव्हतं. तिच्या घरच्यांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांची ओझी वाहिली होती. पण मासोळ्या वर होत्या आणि वाट ही एवढीच होती.

दोघं पुढे, मागे डावीकडे बदलू. मागचं उजवं टोक मोकळं. खुर्ची तिकडे कलंडणार म्हणून कांताने दोन्ही हातांनी दांडा आवळला. खुर्ची कलंडली नाही. वाटीतलं पाणी सांडू नये तशी वर गेली.

सवय असेल, तिने मनाशी म्हटलं.

पुढच्या खेपेला तिने मान वळवून पाहिलं. उजवं टोक बदलूच्या खांद्याच्या उंचीवर होतं. पायरीगणिक जरा खाली, जरा वर. चालणाऱ्या माणसाच्या खांद्यासारखं.

"पीछे मत देखिए," बदलू पुटपुटला.

वर खुर्ची टेकली. बांबूच्या चारही टोकांना जुन्या रजईच्या गाद्या बांधलेल्या होत्या. तीन घामाने भिजल्या होत्या. कांताने हात लांबवून चौथी चाचपली. तीही भिजलेली होती.

"ये कैसे?"

"कभी गिरी हैं आप?"

"नहीं."

"तो मत पूछिए."

कांता गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिघांकडून चौघांचं काम करून घ्यायचं, आणि एक दिवस तोल गेला की बाईचंच नशीब म्हणायचं! तिने अर्ज केले. उत्तर नाही. मग एका सोमवारी साहेबांच्या दारात खुर्ची आडवी लावून बसली. साहेबांना जेवायलाही बाहेर पडता येईना. महिन्याभरात चौथी जागा मंजूर झाली.

"आपने अच्छा नहीं किया," बदलू म्हणाला.

"फुकट राबवून घेणं अच्छा होतं का?" ती मराठीतच उसळली. बदलूला सूर कळला. त्याने मान खाली घातली.

नवा माणूस हरिहर, मलिहाबादकडचा, आंब्याच्या पेट्या वाहून खांदे रुंद झालेला. त्याने उजव्या टोकाखाली खांदा घातला आणि दचकून मागे सरला.

"कौन ठेल रहा है?"

तिथे कोणीच नव्हतं. त्याने पुन्हा खांदा लावला. खुर्ची उठली, आणि आजवर कधी नाही ती उजवीकडे हिंदकळली. कांता दांड्यावर आपटली. खाली दयाराम ओरडले.

बदलूने खुर्ची टेकवली. मोकळ्या पायरीकडे पाहून, घरच्या म्हाताऱ्याशी बोलावं तशा आवाजात तो म्हणाला, "हट जाओ, चाचा. अब नौकरीवाला आ गया. तुम्हारा काम ख़तम."

मग चौघांनी खुर्ची उचलली. ती सरळ वर गेली. जड मात्र झाली होती. चौघंही धापा टाकत होते. कांताने त्या दिवशी मासोळीचा डोळा काढला. नक्षी उतरली. आता हे हक्काचं होतं.

संध्याकाळी दोघं घरी पोचले. दाराशी दोन पायऱ्या होत्या, आणि चाकाची खुर्ची चढवायला दोन माणसं लागायची: दयाराम डावीकडे, शेजारचा उजवीकडे. दयारामांनी डावी मूठ धरली आणि मान खाली घालूनच हाक मारली, "भैया, ज़रा हाथ लगाना!"

खुर्ची उचलली गेली. सरळ. वाटीतलं पाणी सांडू नये तशी.

"जीते रहो," दयाराम म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

तेवढ्यात पलीकडच्या फाटकातून शेजाऱ्याचा आवाज आला, "आ रहा हूँ, चाचाजी! चप्पल पहन लूँ!"

कांताने हात मागे नेऊन उजवी मूठ चाचपली. ओली होती.

ब्रेक लावलेला नव्हता. तिने दोन्ही चाकांना जोर दिला. डावं चाक फिरलं. उजवं जागचं हललं नाही. आणि खुर्ची तिला घेऊन हळूहळू मागे, पायऱ्यांकडे वळू लागली.