रेडिओवाल्याचं घर

"बटण, कशाला म्हणजे कशालाही हात लावू नकोस," भिंगरीने पुन्हा बजावलं.

आजोबांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात तिघं जुन्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते. आजोबा गेल्यापासून दुकान बंद होतं, तरी रेडिओच्या तारांना डाग द्यायचा तो जळका वास अजून भिंतींना होता. टीव्हीला एक बुटका कॉम्प्युटर जोडला होता. कॅसेट लावली की तो बराच वेळ चिरचिरायचा आणि मग पडद्यावर आत्याचा खेळ उघडायचा. आत्याने तो याच स्टुलावर बसून लिहिला होता, भिंगरीएवढी असताना!

आत्या रविवारी येणार होती, कित्येक वर्षांनी. तिचा खेळ नव्या लॅपटॉपवर चालवून दाखवायचा असा बेत ठरला होता. म्हणून चुलतभाऊ प्रोफेसर पडद्यावर कोड पुढे सरकवत होता आणि भिंगरी पानापानाचे फोटो काढत होती. प्रोफेसरचा धाकटा भाऊ दिसेल ते बटण दाबायचा, त्यामुळे त्याचं नावच बटण पडलं होतं.

काका दारात डोकावले. "आवरा लवकर. उद्या भंगारवाला येतोय. दुकान भाड्याने द्यायचंय."

"हा कॉम्प्युटरपण देणार?" भिंगरीने विचारलं. "आत्याला विचारलंत, काका?"

"तिला काय विचारायचं? तिच्या लक्षातसुद्धा नसेल."

शेवटचा फोटो निघाला आणि टीव्ही फट्‌ करून बंद पडला. तो पुन्हा काही लागला नाही.

दुपारभर भाषांतर चाललं. आत्याचा खेळ बेसिक या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत होता आणि प्रोफेसरला येत होती ती लुआ ही नवी भाषा. बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर आणि जिकडेतिकडे 'अमुक ओळीवर जा' अशा उड्या. एकेक उडी कुठून कुठे जाते ते भिंगरी शोधायची आणि प्रोफेसर तेवढा तुकडा लुआत बसवायचा.

संध्याकाळी खेळ सुरू झाला. पडद्यावरचा चौकोनी डोक्याचा रेडिओवाला पिशवी घेऊन निघाला आणि घरोघरी दुरुस्त रेडिओ पोचवू लागला. पिशवी रिकामी झाली. खेळ मात्र संपेना. कळ दाबावी तसा रेडिओवाला गल्ल्यांतून नुसता फिरतच राहिला.

"खेळ संपत का नाही?" बटणने विचारलं.

भिंगरीलाही तेच कोडं पडलं होतं. "आणि ही ओळ बघ. 'आलास? चल, जेवायला.' इंग्रजी अक्षरांत लिहिलीय. कोडमध्ये आहे, पण खेळात कुठेच येत नाही."

"मी सगळं बरोबर उतरवलंय," प्रोफेसर फुरंगटून म्हणाला.

सकाळी भंगारवाला आला, तेव्हा काका फोनवर बोलण्यात गुंग होते. त्यांनी नुसतीच मान हलवली. भिंगरीने काउंटरमागून एक जुनी पाटी ओढून काढली आणि कॉम्प्युटरवर टेकवली. 'गिऱ्हाइकाचा माल. हात लावू नये.'

भंगारवाल्याने पाटी वाचली. "हे कुणाचं?"

"एका बाईंचं. रविवारी येणार आहेत," भिंगरीने सांगितलं. यात खोटं काहीच नव्हतं.

त्याने मोडके पंखे आणि पत्रे तेवढे उचलले आणि तो निघून गेला. फोन ठेवून काका आत आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. "काय हा चावटपणा? त्या डबड्याचं काय लोणचं घालायचंय?"

"काका, एकदाच खेळून बघा," भिंगरी म्हणाली. "खेळ संपवून दाखवलात, तर आम्ही स्वतः कॉम्प्युटर भंगारवाल्याकडे नेऊन देऊ."

"हे तर माझ्या डाव्या हातचा मळ आहे." काका ऐटीत लॅपटॉपसमोर बसले.

त्यांची बोटं झरझर चालू लागली. पिशवी रिकामी झाली, तसा काकांनी रेडिओवाला सरळ पडद्यावरच्या विहिरीमागे नेला. तिथे मोकळी जागा होती. ते कळ दाबत राहिले. काहीच झालं नाही.

"इथे घर होतं," काका हळूच म्हणाले. "आमचं. कुठे गेलं?"

भिंगरीने मोबाइलमधले फोटो भराभर सरकवले. "प्रोफेसर, आत्याने घरं कुठून मोजलीत?"

"शून्यापासून." बोलता बोलता प्रोफेसरचा चेहरा पडला. "घरं मांडायचा भाग लांबलचक होता, म्हणून मी लुआची तयार सोय वापरली. ती एकपासून मोजते. शून्य नंबरचं घर मांडलंच गेलं नाही."

"म्हणजे बिचाऱ्याला घरच नव्हतं," बटण म्हणाला.

प्रोफेसरने ती ओळ बदलली. विहिरीमागे एक बुटकं घर उमटलं. काकांनी रेडिओवाला दारापाशी नेला. दार उघडलं, खिडकी पिवळी झाली आणि वर अक्षरं आली. 'आलास? चल, जेवायला.'

काकांनी पडद्यावरच्या खिडकीवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "तुमची आजी रोज मागच्या दारातून मला अशीच हाक मारायची. मी तेव्हा बटणएवढा होतो. ताई खेळ लिहीत बसायची आणि मी तिच्या डोक्याशी भुणभुण करायचो."

रविवारी आत्या आली, तेव्हा काकांनी स्वतःच तिला दुकानात नेलं. ती उभ्याउभ्याच खेळली. घराचं दार उघडलं तशी ती मटकन स्टुलावर बसली. डोळे पुसून तिने तिघांना जवळ ओढलं.

"मोठ्या कंपन्यांत लोक जुनं कोड उतरवतात, पण इतक्या मायेने नाही कुणी उतरवत," ती म्हणाली. "शाब्बास रे पोरांनो!"

"पण आत्या, मूळ खेळातली एक चूक तशीच राहिलीय," भिंगरी म्हणाली. "रेडिओवाला विहिरीवरून सरळ चालत जातो. तुला विचारल्याशिवाय दुरुस्त केली नाही."

आत्या खळखळून हसली. "ती राहू दे. ते मला तेव्हाही जमलं नव्हतं."

"आणि भाडेकरूला मी थांबायला सांगितलंय," काका मागून म्हणाले. "आधी टीव्ही दुरुस्त होईल. ताई, सरक बरं जरा, आता माझी पाळी."