नातं असेल त्यांनी उठावं

डेल्माने त्या माणसाला पहिल्याच भेटीत कामाला लावलं, आणि तेही नाव-गाव न विचारता.

कोलोवारी बेटाहून प्रांताच्या मुख्य गावी, गिझोला येणाऱ्या इंजिनाच्या होडीला अर्ध्या वाटेत पावसाने गाठलं. होडीत ती, होडीवाला, केळ्यांचे दोन घड आणि पुढच्या फळीवर एक तरुण, मांडीवर बॅग घेऊन अवघडून बसलेला. तळाशी पाणी साचायला लागलं तसा तिने अर्धा कापलेला प्लास्टिकचा कॅन त्याच्या हातात दिला.

"नुसते बसलात काय? उपसा."

तो निमूटपणे उपसायला लागला. तिने फाइल ताडपत्रीखाली सरकवली, आणि थोडी ताडपत्री त्याच्याही खांद्यावर ओढली. दया म्हणून... दुसरं काही नाही.

"फाइलमध्ये एवढं जपण्यासारखं काय आहे?" त्याने विचारलं.

"एक्कावन्न मुलांची नावं. कोलोवारीच्या शाळेतली. शिक्षण कार्यालयात कुणी नवा साहेब आलाय. आल्या आल्या शाळा बंद करायला निघालाय."

"वाईट माणूस दिसतो."

"वाईट नसेल. खुर्चीत बसून नकाशा बघत असेल. नकाशात सगळी बेटं जवळजवळच दिसतात."

"मग त्याने काय करावं म्हणता?"

"एकदा या होडीतून यावं. पाणी उपसत."

तो थांबला. पावसाचं पाणी त्याच्या भुवयांवरून गळत होतं. "तेच करतोय," तो म्हणाला. "शाळाच बघून येतोय. मी हेन्सन. तो नवा साहेब."

डेल्माने त्याच्या हातातल्या कॅनकडे पाहिलं. "मग थांबलात कशाला," ती म्हणाली, "पाणी वाढतंय."

तो हसला. ते हसणं तिला आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला गिझोचा धक्का येईपर्यंत स्वतःचाच राग येत राहिला.

त्यानंतरचे नऊ महिने ती त्याच्याशी एकाच टेबलावर भांडली. शिक्षकांच्या संपानंतर प्रांतात ठरलं होतं की बदल्या आणि शाळांचे निर्णय कार्यालयाने परस्पर घ्यायचे नाहीत. दोन माणसं शिक्षकांची, दोन कार्यालयाची. हात वर करून मोजणी नाही, चौघांचं एकमत व्हायला हवं. शिक्षकांकडून गिझोच्या शाळेतली डेल्मा आणि लुपा मास्तर. कार्यालयाकडून हेन्सन आणि त्याची वरिष्ठ ओलिव्हबाई, जी नात्याने डेल्माच्या आईची चुलत बहीण, म्हणजे मावशी. अध्यक्ष टोबे सर. निम्म्या प्रांताला त्यांनीच बाराखडी शिकवलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे सगळेच अजून पहिलीत होते.

नियम नववा मात्र खास डेल्माचा. पूर्वी ज्याचा मामा कार्यालयात, त्याची बदली बाजारपेठेजवळ, आणि ज्याचं कुणी नाही तो लांबच्या बेटावर. म्हणून तिने हट्ट धरून लिहून घेतलं होतं: प्रत्येक नावाआधी अध्यक्षांनी विचारायचं, 'नातं कुणाचं?' ज्याचं असेल त्याने सांगून उठायचं आणि निर्णय होईपर्यंत बाहेर आंब्याखाली बसायचं. आणि एखाद्या बाजूचं कुणीच टेबलावर उरलं नाही, तर तो विषय त्या दिवसापुरता रद्द.

आता या बेटांवर कोण कुणाचं नातेवाईक नसतं? सभा कमी आणि ये-जा जास्त व्हायची. आत सुपारी खायला बंदी, म्हणून बाहेर बसलेले नातेवाईक चुना लावून निवांत चघळायचे. आंब्याखालची जमीन लाल झाली होती.

हेन्सनचे नातेवाईक दुसऱ्या प्रांतात, त्यामुळे तो कधीच उठायचा नाही. पण सभेआधी डेल्माच्या फाइलवर सोललेली एक सुपारी न चुकता ठेवलेली असायची.

"आत खायला बंदी आहे, माहीत आहे ना?" तिने एकदा विचारलं.

"म्हणूनच ठेवतो. खायला बाहेर जावं लागतं. बाहेर तुम्ही चांगलं बोलता."

"आणि आत?"

"आत चावता."

तिने ती सुपारी रागाने खाल्ली. पण खाल्ली. त्यापुढे दोघांत काही बोलणं झालं नव्हतं. एकदा जिन्यात वाट देताना दोघेही एकाच बाजूला सरकले होते, दोनदा. बस्स, तेवढंच.

कोलोवारीच्या बाबतीत त्याने होडीतून उतरल्यावर जे सांगितलं तेच तो अखेरपर्यंत सांगत राहिला. "बंद करा असं मी म्हणणार नाही. पण एका म्हाताऱ्या मास्तरावर एक्कावन्न मुलं, ही शाळा नाही. मला दुसऱ्या शिक्षकाचं नाव द्या." ओलिव्हबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. नाव मिळालं नाही तर शाळा बंद, आणि मुलं मोठ्या बेटावरच्या वसतिगृहात. सहा वर्षांची मुलंसुद्धा.

डेल्माने प्रांतभर विचारलं. कुणाची आई आजारी, कुणाचं लग्न ठरलेलं. पंधरा दिवसांतून एक बोट येणार, फोनला रेंज नाही, अशा जागी कोण आपणहून जाईल?

डिसेंबरच्या शेवटच्या सभेत यादी पुरी व्हायची होती. संध्याकाळच्या बोटीने ती राजधानीला जाणार, मग वर्षभर बदल नाही. दुपारी तीन वाजता टोबे सरांनी चष्मा पुसला. "विषय चौदावा. कोलोवारी. नाव आहे का?"

लुपा मास्तरांनी खाली पाहिलं. ओलिव्हबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"आहे," डेल्मा म्हणाली. "माझं."

हेन्सनने मान वर केली. एवढे दिवस तो तिच्याकडे बघायचा तेव्हा डोळ्यांत कुठेतरी हसू असायचं. आता नव्हतं. गिझो सोडायचं म्हणजे काय काय सोडायचं, हे तिला त्या क्षणी कळलं. नाव देऊन झाल्यावर.

"नातं कुणाचं?" टोबे सरांनी विचारलं.

"नाव माझंच आहे. मी उठते."

"आणि मी तिची मावशी," म्हणत ओलिव्हबाईही उठल्या.

दाराशी पोचेपर्यंत डेल्माच्या लक्षात आलं. आता कार्यालयाचा एकटा हेन्सन उरला होता. तोही उठला तर विषय रद्द, यादी बोटीवर, शाळा बंद. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

आंब्याखाली बसल्यावर मावशीने पिशवीतून सुपारी काढली. "घे."

"नको."

"मी शाळा बंद करा म्हणत होते, तरी तुझ्याच नियमाने बाहेर बसलेय. तू का असं तोंड करून बसलीस?"

"काही नाही."

"तो उठेल असं वाटतंय?"

डेल्मा दाराकडे बघत राहिली.

"अगं, दर सभेला तुझ्या फाइलवर सुपारी कोण ठेवतं, ते टेबलावर सगळ्यांना दिसतं. टोबे सरांचा चष्मा जाड आहे, डोळे नाही गेलेले." मावशी चघळत राहिली. "उठला तर?"

"तर शाळा गेली."

"आणि नाही उठला तर?"

नाही उठला तर शाळा वाचेल, आणि त्याच्या मनात तसं काहीच नाही हेही कळेल. किंवा असेल आणि त्याने लपवलं असेल, म्हणजे तिच्या नियमाला पहिला धक्का त्याचाच. मग तो आणि पूर्वीचे मामालोक सारखेच. तिला शाळा हवी होती. तिला तो उठून बाहेर यावा असंही वाटत होतं... एक्कावन्न मुलांची नावं पाठ असताना तसं वाटतंय, याची तिला मनापासून लाज वाटली.

पाच मिनिटं झाली. दहा. एका नावाला एरवी दोन मिनिटंसुद्धा लागत नसत.

आणि दार उघडलं.

हेन्सन पडवीत आला. डेल्मा उभीच राहिली. तो पावसाच्या पाण्याच्या टाकीपाशी गेला, नळाखाली ओंजळ धरली, प्यायला, ओला हात मानेवरून फिरवला. मग त्याने आंब्याकडे पाहिलं. तिच्याकडे. तिच्या ओठांवर शब्द आले होते, ये किंवा जा, यातला कोणता ते तिलाही ठाऊक नव्हतं. तो क्षणभर तसाच उभा राहिला, वळला आणि परत आत गेला. दार लागलं.

"आत गेला," मावशी म्हणाली.

"दिसलं मला."

"म्हणजे शाळा वाचली."

"हो," डेल्मा म्हणाली आणि पाठ फिरवून समुद्राकडे बघत बसली. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, कुठेतरी खाली. वर मात्र फक्त राग होता. सुपाऱ्या ठेवायला काही वाटलं नाही, आणि तोंड उघडायची वेळ आली तर पाणी पिऊन आत!

आणखी पंधरा मिनिटांनी लुपा मास्तरांनी हाक मारली. आत शिरताना तिने ठरवलं होतं, सही करायची, आभार मानायचे, त्याच्याकडे बघायचं नाही.

"मंजूर," टोबे सर म्हणाले. "कोलोवारी चालू राहील. तुमची नेमणूक दोन वर्षांची. इतिवृत्त मीच लिहिलंय. नीट वाचा आणि शिक्षकांच्या वतीने सही करा. तुमची सही झाली की निर्णय पक्का."

लुपा मास्तर छताकडे बघत होते. हेन्सन टेबलाकडे. त्याचे कान लाल झाले होते.

तिने कागद ओढला. टोबे सरांचं ते फळ्यावरचं गोल गोल अक्षर.

'विषय १४. नातं कुणाचं, असे विचारल्यावर श्री. हेन्सन यांनी उभे राहून सांगितले की सदर शिक्षिकेवर त्यांचे प्रेम आहे. हे नऊ महिन्यांपासून, एका होडीतून आहे. शिक्षिकेस याची कल्पना दिलेली नाही. तिच्या मनात काय आहे ते त्यांना ठाऊक नाही. आपण उठल्यास शाळा बंद होईल हेही त्यांना ठाऊक आहे. तरी लपवून बसणे त्यांना मान्य नाही. श्री. लुपा यांनी हरकत घेतली की एकतर्फी प्रेम हे नाते धरल्यास प्रांतात सभाच भरणार नाही. यावर चर्चा झाली. मध्ये श्री. हेन्सन पाणी पिऊन आले. एकमताने ठरले की नाते दोन्ही बाजूंनी असते. एकतर्फी प्रेम हे नियम नऊप्रमाणे नाते नाही. श्री. हेन्सन यांना बसण्यास सांगितले. नेमणुकीबद्दल मत विचारता ते म्हणाले, शिक्षिका लांब जावी असे त्यांना मुळीच वाटत नाही, पण त्या मुलांना तिच्यापेक्षा चांगली शिक्षिका मिळणार नाही. मंजूर.'

डेल्माने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसायला लागली. पंचवीस मिनिटं ती बाहेर त्याला मनातल्या मनात बोल लावत होती, आणि तो आत तिच्याच नियमापुढे उभा होता.

"काही दुरुस्ती?" टोबे सरांनी विचारलं.

'एकतर्फी' या शब्दावर तिचं बोट थांबलं होतं. तो शब्द चूक आहे एवढं तिने म्हटलं असतं, तर सगळा निर्णय कोसळला असता. सगळ्यांना ते कळत होतं. हेन्सनलाही. त्याने पहिल्यांदा वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत विचारणा होती, आणि त्याच वेळी... नको, आत्ता बोलू नकोस, अशी विनवणीही.

"सहीआधी काही नाही," ती म्हणाली.

तिने सही केली. तारीख घातली. मनगटावरचं घड्याळ बघून वेळही लिहिली, तीन वाजून चौतीस मिनिटं. मग त्याखाली एक ओळ लिहिली आणि कागद सरांकडे सरकवला.

टोबे सरांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं. "'एकतर्फी हा शब्द पुढच्या सभेत तपासून घ्यावा.'" त्यांनी कागदाची घडी घातली. "नोंद घेतली. पुढची सभा मार्चमध्ये. तोपर्यंत शाळा सुरू झालेली असेल. चहा मागवा कुणीतरी."

ओलिव्हबाई दारात उभ्या होत्या. "काय तपासायचंय?" त्यांनी विचारलं. लुपा मास्तर चहा सांगायला उठले.

जानेवारीत, ज्या दिवशी डेल्मा निघाली, त्या दिवशी समुद्र सपाट होता. धक्क्यावर हेन्सनने तांदळाची पोती, खडूचे खोके आणि तिची गादी होडीत लावून दिली. मग पिशवीतून अर्धा कापलेला एक प्लास्टिकचा कॅन काढून तिच्या हातात ठेवला.

"आज पाऊस नाही," ती म्हणाली.

"वाटेत येईल. आणि उपसायला मी नसेन."

"यायचं मग."

"दर सहा महिन्यांनी कार्यालयाची तपासणी असतेच. पण त्यात तुझं नाव असेल, म्हणजे नियम नववा. मला नाही पाठवणार." तो पहिल्यांदाच 'तुझं' म्हणाला होता आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मग सुट्टी काढून ये. पंधरा दिवसांची. बोट तेवढ्यानेच परत असते."

इंजिन सुरू झालं. होडीवाल्याने दोर सोडला. पाण्याची वीतभर फट पडली तेव्हा तिने विचारलं, "मार्चच्या सभेत माझं नाव निघालं, की तू काय करशील?"

हेन्सन हसला, होडीतल्यासारखा, भुवयांपर्यंत.

"नाव निघायची वाट कशाला बघू? मी सकाळीच जाऊन आंब्याखाली बसेन."