परत आलेली दुपटी

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा आत ती एकटीच होती, आणि तिच्या हातात हनुवटीपर्यंत आलेला दुपट्यांचा गठ्ठा होता. वीस मिनिटांनी वरचं दार करकरत उघडलं आणि फटीतून एक चेहरा खाली डोकावला. गालावर वंगणाचा पट्टा, आणि डोळे... डोळे असे, की भांडायचं म्हणून ठरवून ठेवलेलं सगळं ती विसरूनच गेली.

"आधी गठ्ठा देता, की आधी तुम्ही येता?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"गठ्ठा. पण हात पुसून घ्या."

त्यानं खरंच पुसले — स्वतःच्या शर्टाला. मग एकेक दुपटं वर घेताना तो त्यावर भरलेली नावं वाचत गेला. कादंबिनी, तितिक्षा, शर्वरी... "एवढ्या मुली तुम्हाला?"

"एकही नाही. ओढा आता, पाय दुखले माझे."

त्याच्या हाताला धरून ती वर आली. वर आल्यावर तो हात सोडायचा असतो, हे दोघांच्याही जरा उशिरा लक्षात आलं.

चौथ्या मजल्यावर तिचं एका खिडकीचं दुकान होतं. नव्या बाळांच्या दुपट्यांवर ती रंगीत दोऱ्यानं नावं भरायची. हल्ली लोकांना जगात कुणाचंच नसलेलं नाव हवं असतं. पण दुपटं घरी गेलं की आजीची जीभ वळत नाही, नाहीतर नणंद तेच नाव आधी पटकावते, आणि दुपटं परत येतं. उसवलं तर कापडाला सुईची भोकं राहतात, म्हणून ती उसवत नसे. कपाटात अशी बावीस नावं पडून होती. आज ती सगळी धुऊन आणली होती, एवढंच.

लिफ्टवाला गठ्ठा घेऊन दुकानापर्यंत आला आणि जाईना. बहिणीला अठरा दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. शुक्रवारी नोंदणीचा कागद द्यायचा होता, आणि नाव शोधायचं काम घरच्यांनी मामाच्या, म्हणजे त्याच्या गळ्यात मारलं होतं. मामाची धाव 'पिंकी'च्या पुढे जात नव्हती.

तिनं कादंबिनी पुढे केलं. कादंबिनी म्हणजे ढगांची रांग. त्या बाळाची आई भूगोलाची शिक्षिका, तिनं हौसेनं निवडलेलं. पण आजोबांनी पहिल्याच दिवशी 'कादंबरी' अशी हाक मारली आणि दुपटं परत आलं. तो ऐकत राहिला. दोऱ्याकडे कमी, तिच्याकडे जास्त बघत.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो कादंबिनी परत घेऊन आला. त्याची आई म्हणाली म्हणे, पोरगी आधीच दिवसभर गळतेय, त्यात ढगांची रांग कशाला? मग तितिक्षा नेलं. तितिक्षा म्हणजे सहनशीलता. बुधवारी तेही परत. "आई म्हणते, पोरीनं जन्मल्या दिवसापासून सोसायचंच का?" ती खूप हसली, आणि मग वाटलं, बाई बोलल्या ते खरंच की. शर्वरी म्हणजे रात्र. ते गुरुवारी परत आलं, कारण भावोजी रात्रपाळीला वैतागलेले. घर आहे की नावांना नावं ठेवायचा कारखाना, असं ती म्हणाली खरी; पण एक वाजायच्या आधी वेणी पुन्हा घालायची सवय तिला कधी लागली, ते तिलाच कळलं नव्हतं.

त्या दिवशी त्यानं स्वतःच खालच्या कप्प्यातलं, पांढऱ्या कागदातलं दुपटं उचललं. "ईप्सिता... म्हणजे?"

"जिची फार आस धरली होती, ती." तिचा आवाज एकदम कडक झाला. "ते द्यायचं नाही."

त्यानं ते लगेच कागदात होतं तसं गुंडाळून ठेवलं. का, म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर ती भांडली असती. नाही विचारलं, म्हणून तिनं सांगितलं. अक्का, तिची मोठी बहीण, नऊ वर्षं बाळाची वाट बघत होती. हे नाव तिनं स्वतः शब्दकोशात शोधलं होतं. अक्काची मुलगी दोन दिवस जगली.

"माझी बहीणही सात वर्षं थांबली," एवढंच तो म्हणाला, आणि त्या दिवशी दुपटं न घेताच गेला.

संध्याकाळी तिनं अक्काला फोन लावला. कसं विचारायचं ते सुचेना, तरी विचारलं. मेले मी, आता ही रडणार, असं तिला वाटलं.

"चार वर्षांत ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नाही गं," अक्का म्हणाली. "तू नाही, आईनं नाही, मीही नाही. दे ते. कुणीतरी हाक मारू दे त्या नावानं. पण त्या आईला खरं सांगून दे. तिला नको वाटलं तर राग धरू नकोस."

तिनं तेवढ्याच शब्दांत ते लिफ्टवाल्याला फोनवर सांगितलं. तो नुसतं बरं म्हणाला.

शुक्रवारी एक वाजून गेला. दीडही वाजला. नको वाटलं असणार, कुणालाही वाटेल, अशी तिनं मनाची समजूत घातली, तेवढ्यात तो दारात आला. बरोबर त्याची बहीण, आणि बहिणीच्या कुशीत बाळ.

"यानं सगळं सांगितलं," बहीण म्हणाली. "रात्रभर विचार केला मी. नाव आम्हाला हवंय. पण पहिली हाक तुम्ही मारायची." मग भावाकडे वळून म्हणाली, "चार दिवस घुम्यासारखा बसलाय हा. घरी एक नाव सांगेल तर शपथ. हे पहिलंच."

लिफ्टवाल्याचे कान लाल झाले.

त्याचा समाचार नंतर. तिनं बाळाला घेतलं. "ईप्सिता," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. बाळानं नाक मुरडलं, एक डोळा उघडला आणि परत झोपलं. तिला रडू आवरलं नाही, आणि तिची पाठ थोपटता थोपटता बहीणही रडली.

बहीण खिडकीशी कागद भरायला बसली, तेव्हा तिनं त्याला कपाटापाशी गाठलं. "सोसायचंच का, असं आई म्हणाल्या होत्या ना?"

"मी रचलं. जिन्यात डबा खाताना."

"आणि रात्रपाळीचे भावोजी?"

"शाळेत शिकवतात... सकाळच्या."

"आणि ती सात वर्षं?"

"ती खरी आहेत," तो चटकन म्हणाला. "तसलं कसं रचेन मी?" मग जमिनीकडे बघत — "पहिलंच नाव घरच्यांना आवडलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी इथं काय म्हणून आलो असतो? मला तुम्ही आवडता. फार."

बहिणीचा जीव चार दिवस टांगणीला लावलात, असं तिनं त्याला चांगलंच सुनावलं. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. एवढं बोलून झाल्यावरही आपल्याला राग येत नाहीये, हे तिच्या ध्यानात आलं. छातीत नुसतं हलकं हलकं वाटत होतं, चार वर्षांत पहिल्यांदा.

"उद्या या," ती म्हणाली. "आणि परत करायला काही आणू नका."