घुमट क्रमांक सातची तपासयादी

चंद्रावर ना पाऊस, ना वाळवी, ना शेजाऱ्यांची कुरकुर. तेव्हा तिथलं बांधकाम म्हणजे हातचा मळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी अनसूया भोगलेबाईंना एकदा भेटावं. बाई चांद्रवसाहतीच्या मुख्य तपासनीस. चंद्राची माती भाजून विटा पाडायच्या, विटांचा घुमट रचायचा, आतून हवाबंद अस्तर लावायचं, आणि बाईंनी सही केली की मग आत हवा सोडायची. सही चुकली तर काय होईल, हे तिथे कोणी मोठ्याने बोलत नसे.

सातव्या घुमटाची वाट बघत चाळीस कुटुंबं दोन महिने यानाच्या डब्यांत कोंबून राहिली होती. सगळं अडलं होतं ते बाईंच्या सहीवर. आणि बाई तणतणत संगणक-कक्षात शिरल्या. हातातल्या संगणक-पाटीवरच्या तपासयादीत एकच ओळ होती.

"डॉक्टर, माझे दोनशे चौदा प्रश्न कुठे गेले?"

डॉक्टर फिरोज तडवी हे वसाहतीच्या बांधकाम-प्रणालीचे कर्ते. त्या प्रणालीत तपासयाद्यांचे नमुने बनवणारा 'यादीकार' तर त्यांचा फारच लाडका.

"गाळले, ताई. यादीकाराने."

"का? जड झाले त्याला?"

"प्रश्नाची किंमत कशावर ठरते? उत्तर जितकं अनपेक्षित, तितकी ती जास्त. उद्या सूर्य उगवेल का, असं मी विचारलं आणि तुम्ही 'हो' म्हणालात, तर मला नवं काय कळलं?"

"इथे सूर्य महिन्याने उगवतो."

"तेही ठाऊकच आहे ना? मग किंमत शून्य. यादीकार जुन्या नोंदी वाचतो. ज्याचं उत्तर त्याला आधीच सांगता येतं तो प्रश्न गाळतो. सांगता येत नाही तेवढाच नमुन्यात ठेवतो." तडवींनी चष्मा काढून पुसायला घेतला. "आता सहा घुमटांच्या नोंदी बघा. दर वेळी पहिल्या फेरीत दोनशे तेरा उत्तरं 'ठीक' आणि एक 'नापास'. कधी दाराचा सैल बोल्ट, कधी दिव्याची उलटी पट्टी. दोन कधी नाहीत, शून्य कधीच नाही."

"माझी नजर आहे तशी."

"आणि प्रत्येक चूक बरोबर नजरेच्या उंचीवर, दहा मिनिटांत दुरुस्त होणारी. योगायोग इतका शिस्तीचा नसतो, ताई. चूक एकच असणार, हे ठरलेलं. अज्ञात काय उरलं? जागा."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. 'या वेळची चूक मुद्दाम कुठे ठेवली आहे? मुकादमाला विचारा.'

एकतीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच त्यांना आपल्या सहीची शंका आली.

मुकादम गुणाजी सावळे अजून हवा नसलेल्या घुमटात अंतराळ-पोशाख घालून अवजारं गोळा करत होता. बाईही पोशाख चढवून आत गेल्या, शिरस्त्राणातला रेडिओ चालू केला आणि पाटी त्याच्यासमोर धरली. त्याने वाचलं आणि काचेआड जीभ चावली.

"रीतच आहे ती, बाई. माझ्या आज्यापासनं चालत आलेली. साहेबाला एक चूक घावली की साहेब खूश होतो, चहा पितो, जातो. नाही घावली तर चांगलं अस्तर उचकटत बसतो."

"म्हणजे सहाही घुमटांत मी तुम्ही वाढलेलंच खाल्लं?"

"पण आवडीनं खाल्लंत!"

"दात नका काढू. या वेळची कुठे आहे?"

गुणाजीने हातातलं अवजार खाली ठेवलं. मग म्हणाला, "या वेळी नाही ठेवली. धाकटी सून त्या डब्यात आहे. आठवा सरला. तिचं बाळंतपण या घुमटात व्हायचंय. हात धजावला नाही, बाई."

बाईंनी उत्तर भरलं: 'कुठेही नाही.'

यादीकार क्षणभर थबकला. सहा घुमट पाळलेला नियम मोडला होता. आता त्याला कुठलंच उत्तर आधी सांगता येईना, आणि म्हणून कुठलाच प्रश्न गाळता येईना. पाटीवर भराभरा ओळी उमटू लागल्या. दोनशे चौदा.

"अगं आई गं!" गुणाजी मटकन खाली बसला.

"उठा, मुकादम. प्रश्न पहिला."

एकशे त्रेसष्टाव्या प्रश्नाला दोघं पाण्याच्या टाकीमागे पालथे पडले होते. तिथे अस्तराच्या सांध्यावर वीतभर जागी चिकटपट्टीच नव्हती. आत हवा सोडली असती, तर तो सांधा तिथूनच उसवत गेला असता.

गुणाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "ही माझी नव्हे, बाई. सुनेची शपथ."

"कळतंय. तुमच्या चुका इतक्या अडचणीच्या जागी नसतात. पण ही सुटली कशी? तुमच्या हातून असं होत नाही."

गुणाजी त्या सांध्यावर बोट फिरवू लागला. "चूक ठेवायची म्हणजे जागा बघावी लागते. धोका नको, पण दिसायला तर हवी. त्यापायी दर खेपेला अख्खा घुमट चाचपून काढतो मी. या वेळी ठेवायचीच नव्हती. मग फिरलोच नाही."

बाई टाकीला टेकून हसत सुटल्या. इतक्या मोकळ्या त्या चंद्रावर आल्यापासून हसल्या नव्हत्या.

पट्टी बसली. उरलेले एक्कावन्न प्रश्न झाले, मग सगळे दोनशे चौदा पुन्हा एकदा झाले, आणि बाईंनी सही केली. हवा सुस्कारत आत शिरली. डब्यांची दारं उघडली. गुणाजीची सून कमरेवर हात ठेवून सावकाश आत आली आणि वर घुमटाकडे बघतच राहिली.

"मुकादम," बाई म्हणाल्या, "आठव्या घुमटात चुका ठेवायच्या. जीवावरच्या नकोत, पण मला सहज सापडता कामा नयेत. आणि हवा सोडायच्या आधी सगळ्या कबूल करायच्या."

गुणाजीचे डोळे लकाकले. "दोन ठेवू का तीन?"

"खबरदार आकडा सांगाल तर! तो तिकडे यादीकार ऐकतोय."