मागच्या उजव्या दांडीवरचं वजन

चार मोटरींचा ड्रोन चांगला की सहांचा, या वादापायी शार्दूल आणि पुष्कर यांनी दोन वर्षं रविवारच्या झोपेवर पाणी सोडलं होतं. दोघंही तमिळ मुलखात, ओरगडमच्या एकाच कारखान्यात इंजिनियर, वेस्ट मांबलमला एकाच खोलीत राहणारे. पुष्कर म्हणायचा, चार बास. हलका, चपळ, दुरुस्तीला सोपा. शार्दूलचं म्हणणं, चारांतली एक मोटर गेली की यंत्र उलटून खाली. सहांतली एक गेली तरी घरी येतं. जानेवारीत पुष्करची पुण्याला बदली झाली आणि वाद शार्दूलच्या एकट्याच्या गळ्यात पडला. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. हा पठ्ठ्या वाजवत राहिला, कारण रविवारी दुसरं करायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं.

दर रविवारी सकाळी मांबलमहून लोकल, तांबरमहून बस, आणि मग ओरगडमच्या पलीकडचं कोरडं तळं. सांगाडे तीन, मोटरी त्याच, बॅटरी तीच. प्रत्येक सांगाडा छातीच्या उंचीवर पाच मिनिटं स्थिर ठेवायचा आणि कुठली मोटर किती राबते ते लॅपटॉपवर पाहायचं.

दोघांची एक रीत होती. यंत्र उचललं की पुष्कर मागची उजवी दांडी दोन बोटांच्या चिमटीत धरायचा. शार्दूल म्हणायचा "धर", आणि यंत्र स्थिरावलं की "सोड". पुष्कर गेला तरी "धर" म्हणायची सवय गेली नाही. रिकाम्या तळ्यात ते म्हणून शार्दूल स्वतःशीच हसायचा.

फेब्रुवारीत आकडे बिघडले. फुलीसारख्या चार दांड्यांच्या सांगाड्यात मागची उजवी मोटर बाकीच्यांपेक्षा जास्त राबत होती. त्यानं मोटर बदलली, पंखा बदलला, बॅटरी सरकवली. पुन्हा तेच. सहांचा सांगाडा चढवला, तर तिथंही तोच कोपरा. मग त्यानं अधिकच्या चिन्हासारखा सांगाडा लावला. त्यात त्या कोपऱ्यात दांडीच नसते. तेव्हा मागच्या आणि उजव्या, दोन्ही मोटरींनी ते ओझं निम्मं निम्मं वाटून घेतलं.

हिशेबानं ते ओझं चाळीस ग्रॅमचं निघालं. घरी येऊन त्यानं स्वयंपाकाच्या काट्यावर दोन बोटं नुसती टेकवून पाहिली. काटा चाळीसच्या आसपास थांबला.

त्यानं पुष्करला फोन लावला.

"शार्दुल्या, अजून तेच करतोयस? मी तर सगळं विकून टाकलं रे."

"एक विचारायचं होतं."

"मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी करतो, नक्की."

संध्याकाळी फोन आला नाही. शार्दूलला आकड्यांची भीती वाटत होती, पण वाईट वाटलं ते याचं.

पुढच्या रविवारी त्यानं चारांचा सांगाडा नेला. "धर," तो म्हणाला. यंत्र छातीशी स्थिरावलं. त्यानं रिमोटवरून मागची उजवी मोटर बंद केली.

ते उलटायला हवं होतं. ते हललंसुद्धा नाही.

त्यानं चारही मोटरी बंद केल्या. पंखे थांबले. लांबच्या रस्त्यावरून एक कंपनी बस गेली.

यंत्र पडलं नाही. बाजारात पाय धरून लटकवलेल्या कोंबडीसारखं ते मागच्या उजव्या दांडीवरून हवेत लोंबत राहिलं.

आता कुठं त्याच्या ध्यानात आलं. आठ रविवार तो "धर" म्हणत होता. "सोड" एकदाही म्हणाला नव्हता.

एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो ओठांवर आलाही. पण मग मांबलमची खोली आठवली, कुलूप, भिंतीशी गुंडाळून ठेवलेली दुसरी गादी. त्या खोलीत पुन्हा एकट्यानं जाणं त्याला सोसणार नव्हतं.

पुढं होऊन त्यानं यंत्र धरलं. त्या दांडीवरची ओढ तशीच होती. ती तशीच सांभाळत तो रस्त्यापर्यंत चालत आला.

बस रिकामीच होती. का कोण जाणे, खिडकीची जागा मोकळी ठेवून तो कडेला बसला.

"तांबरम, ओन्नु," त्यानं एक तिकीट मागितलं.

कंडक्टरनं ते त्याच्या हातात दिलं. मग आणखी एक तिकीट काढून, त्याच्या समोरून, खिडकीकडे हात लांबवला. हात मागं आला तेव्हा रिकामा होता, आणि कंडक्टर पुढच्या सीटकडे वळला.