घरची बाजू

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या खिडक्यांना काचा बसवल्यावर नानांच्या उजव्या हाताला कंप सुटला, आणि लेकीनं आपल्या नव्या घराच्या खिडकीसाठी दुसरा कारागीर बघायला घेतला. भिंतभर एकच काच असलेली खिडकी. अशी एक तरी आपल्या हातून व्हावी, म्हणून नाना जन्मभर थांबलेले.

"तुम्ही खुर्चीत बसा आणि त्याच्या चुका काढा," लेक म्हणाली. "ते तर तुम्हाला झोपेतही जमतं."

नानांना ते लागलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी माशांची टाकी करतो. अडगळीतल्या सामानाची. महिनाभर थेंब गळला नाही, तर ती खिडकी माझी. गळला, तर आण तुझा कारागीर."

"आणि फुटली तर?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"तर मासे तुझ्या माहेरी पाठवू. तिथं सगळे तसे गप्पच असतात."

पैज लागली. शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा माळ्यावरून उतरला. तळाला न्हाव्याच्या दुकानातली जुनी संगमरवरी फळी आली, पाठीला शाळेतून टाकून दिलेला काळ्या दगडाचा फळा, कडेला दुकानाच्या कपाटाची दोन काचेची दारं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या फटींत गादीसारख्या अंथरल्या. पाणी खेळवायला कूलरचा पंप. शेजारचा शिंपी येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"नाना, हिला दोरा कुठून ओवायचा?"

"तुझ्या जिभेतून. ती बरीच लांब आहे."

दर्शनी काच मात्र नानांनी निवडून आणली होती. पाडलेल्या एका घराच्या ढिगाऱ्यातून खिडकीची ही एवढी एक काच शाबूत निघाली होती. घर कुणाचं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. काचेला कुणी कूळ विचारतं का?

जुन्या काचेला दोन बाजू असतात. ऊनपाऊस सोसलेली बाजू बोटाला किंचित खरखरीत लागते. दुसरी, माणसांच्या श्वासानं निवलेली, सायीसारखी मऊ. ती घरची बाजू. घरची बाजू घराकडे, हा त्यांच्या उस्तादांचा पहिला धडा. नाना ओलं बोट फिरवत बराच वेळ बसले. टाकीत घर कुणाचं? माशांचं. मग त्यांनी घरची बाजू पाण्याकडे केली. या विचाराचं त्यांना स्वतःलाच इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी तो शिंप्यालाही ऐकवला.

सांधे बुजवणारं सिलिकॉन ओढताना त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि चारी कडा एका दमात उतरवल्या. सांधा असा, की केसालाही वाट मिळू नये. पाणी भरलं. सात मासे सोडले. खाली अंथरलेला कागद आठवडाभर कोरडा ठणठणीत होता. नाना रोज तो उचलून बायकोला दाखवत, शाळेतला निकाल दाखवावा तसा.

दहाव्या दिवशी कडेच्या काचांवर शेवाळाची हिरवट झाक आली. दर्शनी काच लखलखीत राहिली.

"तुम्ही पुसता का हो ती?" बायकोनं विचारलं.

"माझ्या कामाला पुसावं लागत नाही," नाना छाती काढून म्हणाले. पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांना काचेच्या आतल्या अंगावर पुसल्याची कमान दिसली. हात जिथवर पोचेल तिथवर गेलेली, आणि तिथून वळून परत आलेली. हात लहान नव्हता.

मग मासे. दुपारी चारला दोघं चहा घेऊन समोर बसत, तेव्हा सातही मासे काचेशी येऊन ओळीनं थांबत. खाणं टाकलं तरी वर जात नसत. बायको जुनी ओवी गुणगुणायची:

*पाण्याच्या ग गावा, नाही उंबरा, नाही दार*
*आतला म्हणे आत, बाहेरचा ग बाहेर*

ती थांबली की मासे पाठ फिरवून फळ्याच्या काळोखात निघून जात.

त्या काळोखात एक खोली दिसू लागली होती. कोनाडा, पलंगाची कड, अर्धं उघडं दार. नानांना वाटलं, आपल्याच खोलीचं प्रतिबिंब.

"आपल्याकडे कोनाडा कुठाय?" बायको म्हणाली.

नानांनी कप खाली ठेवला.

"आणि आपण दोघं समोर बसलोय. मग आपण का दिसत नाही?"

"फळा आहे. त्यात काय धड दिसतं?"

"अहो, काढा ती काच. उलटी बसवा."

"अजून आठ दिवस राहिलेत."

"मी खिडकीचं बोलत नाही."

"मी बोलतोय," नाना म्हणाले.

तरी दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेल्यावर त्यांनी पातं काढलं. सांध्यावर टेकवलं. हात अजिबात कापत नव्हता. इतका स्थिर तो कित्येक वर्षांत नव्हता. सांधा उन्हात एखाद्या रेशमी धाग्यासारखा चमकत होता. आयुष्यातला सगळ्यात सुंदर सांधा. कापायचा?

त्यांनी पातं मिटून खिशात ठेवलं.

तिसाव्या दिवशी दुपारी लेक आली. तिनं कागद उचलला, उलटा केला, गालाला लावून पाहिला. सांध्यावरून नख फिरवलं. कोपरे दाबले.

"नाना," ती म्हणाली, "सोमवारी या. खिडकी तुमची."

"सोमवारी कशाला? उद्याच येतो."

निकाल ऐकायला आलेल्या शिंप्यानं टाळ्या वाजवल्या. बायकोनंही नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहायची. नाना तिला म्हणाले, "बघ." एवढंच.

लेकीला आणि शिंप्याला जिन्यापर्यंत पोचवून नाना परतले. बायको टाकीसमोर उभी होती.

काचेवर पांढरी फुली होती. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दोन सरळ फराटे.

नवी काच बसली, की कारागीर तिच्यावर चुन्याची अशी फुली मारतो. घरच्यांना काचेची सवय नसते. वाट समजून कुणी तिच्यातून चालत येऊ नये, म्हणून.

नानांनी अंगठ्यानं पुसून पाहिली. अंगठा कोरडा, स्वच्छ राहिला. फुली पलीकडून होती, पाण्यात, आणि विरघळत नव्हती.

"ही तुम्ही मारली?" बायकोनं विचारलं.

नानांनी फराटे पाहिले. सरळ होते. हात कसलेला होता.

"हो," ते म्हणाले. "मीच."

दोघं बघत राहिले.

वरच्या टोकापासून फुली आतून हळूहळू पुसली जाऊ लागली.

सातही मासे दोन्ही कडांना सरकून उभे होते, मधली वाट मोकळी सोडून.