कोपऱ्यातला लाल आकडा

"दाब परत!" खारू ओरडली.

"दहा वेळा दाबलं! बोट झिजलं माझं!" कुरकुरत का होईना, ढब्बूने पुन्हा बटण दाबलं. पडदा ढिम्म!

सुट्टीतली दुपार, ग्रंथालयातला एकुलता एक संगणक आणि त्यापुढे खारू, तिचा मित्र ढब्बू आणि खारूची ताई. उद्या ताईची नर्सिंगची प्रवेश परीक्षा! प्रवेशपत्र आज पाचच्या आत छापलं नाही तर अख्खं वर्ष वाया, आणि सव्वाचार तर वाजून गेले होते.

ग्रंथपालबाईंनी संगणकवाल्या काकांना फोन लावला. स्वारी शेजारच्याच दुकानात गप्पा हाणत होती.

"तिकडचा सर्व्हर बंद असेल हो! उद्या बघू!" जागचं न हलता काकांनी फोन ठेवलासुद्धा.

ताई घड्याळाकडे बघत होती. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास, मग दिवसभर दुकानात उभं राहायचं. वर खारूला ताप आला की उशाशी हीच! खारूने ताईची नजर चुकवली. मागच्या महिन्यात 'तुम्ही फोन जिंकलात!' या जाहिरातीवर तिनेच टिचकी मारली होती. संगणक बंद पडला, म्हणून काकांनी त्यात जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम, म्हणजे एक पहारेकरीच बसवला. ती टिचकी आपली, हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं!

"ढब्बू, कोपऱ्यातला लाल आकडा बघ! तू दाबलंस की वाढतोय! अकरा... बारा!"

"अगं, अडवलेल्या जाहिराती मोजतो तो."

"पण या पानावर जाहिरात आहे कुठे? प्रवेशपत्र नव्या खिडकीत उघडतं आणि जाहिरातीही तशाच टपकतात. आपला पहारेकरी ताईचं प्रवेशपत्रच अडवतोय!"

पहारेकऱ्याला हटवायचा पासवर्ड मात्र काकांकडे! आणि काका तर हलायला तयार नाहीत.

ढब्बूचे डोळे चमकले. त्याने बाईंचा फोन उचलून काकांना लावला. "काका, बाई म्हणतायत तुमचा पहारेकरी कुचकामी आहे!"

"मी असं कधी म्हटलं?" बाई पुटपुटल्या.

दोन मिनिटांत काका धापा टाकत हजर! "कुचकामी? माझा? हे बघा!" त्यांनी तावातावाने बटण दाबलं. आकडा तेरा झाला. "बघितलंत? अडवलं की नाही?"

"अडवलं! पण काय अडवलं, काका?" खारूने विचारलं.

काकांनी आकड्यावर टिचकी मारली, यादी वाचली आणि त्यांचा चेहराच उतरला. निमूटपणे त्यांनी तेवढ्या एका संकेतस्थळाला वाट करून दिली. छपाईयंत्र घरघरलं. ताईचा फोटो असलेला कागद बाहेर आला तेव्हा पाचला आठ मिनिटं कमी होती!

"चुकलंच माझं, पोरी," काका म्हणाले. "आधीच यायला हवं होतं. तुम्ही दोघं माझ्यापेक्षा हुशार निघालात!"

ताईने दोघांना घट्ट जवळ घेतलं. "तुमचे उपकार कसे फेडू रे?"

खारूला हुंदकाच फुटला. "बाई, त्या दिवशी ती टिचकी मीच मारली होती."

"ठाऊक आहे मला," बाई हसल्या. "तुझ्या मागेच तर उभी होते. वरिष्ठांना मी माझंच नाव सांगितलं. नाहीतर तुझं इथे येणं बंद झालं असतं आणि आज तो आकडा कुणाला दिसला असता?"

खारूने बाईंना मिठी मारली.